शस्त्रक्रियेआधीचे पंधरा दिवस

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दुपारच्या सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्नेहसंमेलनात, तेही पंक्ती उठल्यावर, बोलावयास आम्ही निवडलेला विषय काहींना अप्रस्तुत वाटेल याची आम्हांस जाणीव आहे. चिटणिसांची अपेक्षा आहारविहारावर चार गोष्टी सांगाव्यात, एवढीच होती. परंतु मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणारे अर्ज चाळण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. त्यांत ‘स्त्रियांचे दुखणे’ असे मोघम लिहिलेले अर्ज वारंवार येतात, आणि सोबतची कागदपत्रे उघडून पाहावीत तो आत स्तनाचा कर्करोग निघतो. आपल्या मंडळात गाठ म्हटली की प्रथम लग्नगाठ आठवते, आणि वधूवरसूचीची पाने भराभर उलटली जातात. दुसऱ्या गाठीविषयी मात्र आपण कुजबुजतो. आज ते मोठ्याने बोलावे असे आम्ही ठरवले आहे. बंधूंनीही जागा सोडू नये. एक तर निर्णय पुष्कळदा त्यांच्या हाती असतात; आणि दुसरे, हा रोग पुरुषांनाही होतो, शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो.

आम्ही व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. आयुष्याची पस्तीस वर्षे आधी उजेडाच्या पेटीपुढे उभे राहून आणि पुढे संगणकाच्या पडद्यापुढे बसून इतरांच्या देहाची छायाचित्रे वाचण्यात गेली. शल्यचिकित्सकाचे नाव घरोघर निघते, त्याच्याकडे पेढे जातात. छायाचित्र वाचणाऱ्याचे तोंडही रोग्याने बहुधा पाहिलेले नसते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र शस्त्रक्रिया व्हावी की नाही, कोणती व्हावी आणि केव्हा व्हावी, हे पुष्कळ अंशी त्या बिननावाच्या खोलीत ठरते, आणि तेथे जाण्याआधीच आपण घाई करून बसतो. तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम आमच्या घरचीच हकिगत सांगतो. सन १९८६. आमच्या धाकट्या आत्या तालुक्याच्या गावी राहत. डाव्या स्तनातील गाठ हाताला लागून चार महिने झाले तरी त्यांनी ती कोणास सांगितली नाही. थोरल्या मुलीचे लग्न ठरत होते. लग्न पार पडले, मांडवपरतणे झाले, आणि मग त्यांनी जावेच्या कानावर घातले. त्यानंतर मात्र साऱ्या घराने अशी घाई केली की विचारू नये. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी एका शुश्रूषागृहात शस्त्रक्रिया झाली. स्तन काढला, काखेतील ग्रंथी काढल्या. ‘मुळासकट निघाले’ असे सांगण्यात आले, आणि घरी सत्यनारायणही झाला. शस्त्रक्रियेपूर्वी सुईची तपासणी नाही, छातीचा साधा एक्स-रे नाही. आत्यांची पाठ दोन महिने दुखत होती. ती लग्नाच्या धावपळीने दुखते असे सर्वांनी धरले. ही पाठदुखी त्यांनी आम्हांसही सांगितली होती. आम्ही तेव्हा मुंबईत क्ष-किरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होतो, आणि आम्ही त्यांना मलम चोळावयास सांगितले.

टाके निघाल्यावर सहाव्या दिवशी आत्यांना न्हाणीघरात पाटावरून उठता येईना. त्यांना मुंबईस आणले. कण्याची प्लेट आम्हीच काढली, आम्हीच धुतली. ओली प्लेट उजेडाच्या पेटीवर लावली तेव्हा कमरेवरचा एक मणका दबून चपटा झालेला आणि त्याच्या शेजारचा पोखरलेला दिसला. हे दोन-तीन आठवड्यांचे काम नव्हते. स्तन काढला त्या दिवशी रोग हाडांत जाऊन बसलेला होता. आत्या पुढे चौदा महिने जगल्या. त्यांतील पहिले दोन छातीची जखम भरून येण्यात आणि हात वर उचलता येण्याच्या खटपटीत गेले. शुश्रूषागृहाचा दोष आम्ही काढू शकतो, आणि मनात काढतोही. पण मलमाची गोष्ट आम्हांस अद्याप विसरता आलेली नाही.

त्या काळी अशी घाई करण्यामागे केवळ अडाणीपणा होता असे मात्र कोणी समजू नये. तिच्यामागे एक मोठी परंपरा होती. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यचिकित्सक हॅलस्टेड यांनी १८९४ साली आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली: स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी, सर्व एकत्र काढून टाकावयाचे. रोग गाठीपासून क्रमाक्रमाने बाहेर सरकतो, तेव्हा त्याच्या पुढे जाऊन कापले की तो हाती लागतो, ही त्यामागची समजूत. ही समजूत जगभर पाऊण शतक टिकली. मिलानचे व्हेरोनेसी यांनी १९८१ मध्ये आणि अमेरिकेतील फिशर यांनी १९८५ मध्ये चाचण्यांनी दाखवून दिले की लहान गाठीत तेवढाच भाग काढून क्ष-किरणांचा उपचार दिला तरी आयुर्मान कमी होत नाही. याचा अर्थ उघड आहे. जिचे मरण ओढवते ते बहुधा छातीवरच्या गाठीने ओढवत नाही. ती गाठ जे दूर पाठवते त्याने ओढवते. म्हणून आधी पाहावयाचे ते हे, की काही दूर गेले आहे काय.

पाहण्याचे साधन मात्र त्या मानाने लवकर हाती आले होते. राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्याच डिसेंबरात घेतलेले, जगभर गाजलेले छायाचित्र त्यांच्या पत्नीच्या हाताचे होते, बोटातील अंगठीसकट. पुढे बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी काढून टाकलेल्या सुमारे ३,००० स्तनांची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन, त्यांत रोग कसा दिसतो व काखेकडे कसा सरकतो, याचा अभ्यास १९१३ साली प्रसिद्ध केला. मॅमोग्राफीचा आरंभ तो हाच. या गृहस्थांना पुढे नाझी राजवटीत, ज्यू म्हणून, विद्यापीठातील जागा सोडावी लागली, आणि तो अभ्यास त्यांच्या हातून पुढे गेला नाही.

असो. ‘स्टेज कितवी?’ हा प्रश्न आज प्रत्येक घर विचारते. गाठ कळल्याच्या संध्याकाळीच विचारते, आणि कोणी तरी नातलग ‘तिसरी असावी’ असे उत्तरही देऊन टाकतो. हा आकडा कोठून येतो? फ्रान्सचे शल्यचिकित्सक पिएर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात एक पद्धत बसवली. तीच आज जगभर चालते. ती तीन प्रश्न विचारते. गाठ केवढी आहे? काखेतील ग्रंथींत रोग पोचला आहे काय? आणि देहात दूर कोठे, म्हणजे हाडे, फुप्फुसे, यकृत, मेंदू यांत, तो गेला आहे काय? गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असली तर पहिली श्रेणी, दोन ते पाच दुसरी, पाचाच्या वर तिसरी. आणि ती कातडीत किंवा छातीच्या भिंतीत शिरली असेल तर आकार काहीही असो, चौथी. ही केवळ गाठीची श्रेणी झाली, रोगाची स्टेज नव्हे. ही गल्लत आम्ही सुशिक्षित घरांतूनही पाहिली आहे. तिन्ही उत्तरे एकत्र केली म्हणजे स्टेज ठरते. २०१८ पासून वापरात आलेल्या आवृत्तीत गाठीच्या तुकड्याची प्रयोगशाळेतील लक्षणेही, म्हणजे ती हार्मोनला दाद देणारी आहे की नाही वगैरे, हिशेबात धरली जातात. तेव्हा चित्रे आणि तुकडा, दोन्ही हाती आल्यावाचून कोणी स्टेज सांगू लागला तर तो अंदाज आहे, इतके ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष काय होते ते सांगतो. पहिली मॅमोग्राफी, आणि ती दोन्ही स्तनांची. ‘दुखणे डाव्याचे, उजव्याचे पैसे कशाला’ असे म्हणू नये. दुसऱ्या बाजूस न कळलेली गाठ असू शकते, आणि तुलनेवाचून आम्हांस वाचताही येत नाही. दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबला जातो. काही क्षण दुखते, पण दाबल्यावाचून आतील थर एकमेकांवर पडतात आणि लहानशी गाठ झाकली जाते. त्या दिवशी काखेत पावडर अथवा सुगंधी फवारा लावून येऊ नये. त्याचे कण छायाचित्रात चुन्याच्या बारीक ठिपक्यांसारखे उमटतात, आणि असे ठिपके हेच आम्ही शोधत असतो. मग सोनोग्राफी. तरुण स्त्रियांचा स्तन घट्ट असतो, क्ष-किरणांत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. तेथे ध्वनिलहरी अधिक कामी येतात. त्यानंतर जाड सुईने तुकडा घ्यावयाचा. हा क्रम होता होईल तो मोडू नये, कारण सुईने आत रक्त साकळले की चित्र गढूळ होते. आणि ‘गाठ काढूनच तपासायला पाठवू’ ही जी अद्याप गावोगावी चालणारी रीत आहे, तिला नम्रपणे पण निक्षून नकार द्यावा. गाठ गेली की तिची मोजदाद गेली. आधी औषध देऊन ती कितपत विरघळते हे पाहण्याची संधीही गेली.

सोनोग्राफी करणाऱ्याने काखही पाहिली पाहिजे. अहवालात काखेविषयी एक ओळ नसेल तर ती मागावी. काखेतील ग्रंथी फुगलेली, तिची साल जाड झालेली दिसली तर तेथेही सुई घालून खात्री करता येते. आणि काही दिसले नाही तर? येथे अलीकडची एक मोठी गोष्ट सांगण्याजोगी आहे. मिलानच्या कर्करोग संस्थेने पुढाकार घेऊन इटली, स्वित्झर्लंड, स्पेन आणि चिली या देशांत एक चाचणी केली. तिचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ, अशा चौदाशेवर स्त्रियांचे दोन गट केले. एका गटात काखेतील पहिली ग्रंथी काढून तपासली. दुसऱ्या गटात काखेला हातच लावला नाही. पाच वर्षांनी, दूर रोग न उद्भवता राहिलेल्यांचे प्रमाण एका गटात शेकडा ९७.७ आणि दुसऱ्यात ९८. काखेची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीचा हात कसा सुजतो, बांगड्या कशा उतरवाव्या लागतात, कणीक मळताना काय होते, हे या सभेत ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्यांचे मोल आम्ही सांगावयास नको.

तिसरा प्रश्न दूरच्या प्रसाराचा, आणि येथे आम्हांस उलट दिशेने थोडे बोलावे लागते. आता मुलेबाळे परदेशी असतात, पैसा येतो, आणि फोनवरून आज्ञा होते: ‘आईचा सगळ्या अंगाचा स्कॅन करून टाका.’ पेट-स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेली साखर शिरेतून देतात. जेथे पेशी अधिक भुकेल्या तेथे ती साठते आणि चित्रात उजळते. विद्या मोठी खरी. आपल्या देशात तिचा आरंभ मुंबईतच, परळला, २००२ साली झाला. परंतु गाठ लहान, काख स्वच्छ आणि अंगात दुसरी काही तक्रार नाही, अशा स्त्रीला हा स्कॅन करू नये असेच जाणत्या संस्था सांगतात. तिच्यात दूरचा रोग सापडण्याची शक्यता फार थोडी. भलतेच काही उजळून घबराट होण्याची शक्यता त्याहून जास्त. आपल्याकडे तर क्षयरोगाची पुरातन वस्ती. बऱ्या झालेल्या क्षयाच्या खुणा फुप्फुसांत असतात, आणि धगधगत्या क्षयाच्या ग्रंथी पेट-स्कॅनमध्ये कर्करोगाइतक्याच उजळतात. छातीत उजळलेल्या ग्रंथी पाहून घराने आशा सोडली, आणि सुई घातल्यावर क्षय निघाला, अशी प्रकरणे आमच्या हाताखालून गेली आहेत. म्हणून दूरची एकच एक जागा उजळली तर शक्य तेथे तिचा तुकडा तपासल्याखेरीज ‘चौथी स्टेज’ हा शब्द उच्चारू नये.

गाठ मोठी, कातडी ओढलेली, काखेत ग्रंथी लागतात, किंवा अंगात नवी तक्रार आहे, तेथे मात्र हा शोध घेतलाच पाहिजे. पेट-स्कॅन परवडत नसेल तर छाती व पोटाचा सी. टी. स्कॅन आणि हाडांचा स्कॅन यांनी काम भागते. त्यात कमीपणा नाही. मधुमेह असणाऱ्यांनी पेट-स्कॅनच्या आधी तसे सांगावे, रक्तातील साखर वाढलेली असली तर चित्र बिघडते. आणि भगिनींनो, पाठ दुखते, बरगडी दुखते, धाप लागते, हे डॉक्टरांना सांगा. लग्नघराच्या धावपळीवर ढकलू नका. आमच्यासारखा एखादा अर्धवट शिकलेला पुतण्या मलम सुचवील, त्याचेही ऐकू नका.

एम. आर. आय. विषयी दोनच शब्द. तो फार सूक्ष्म पाहतो, कधी नको इतके पाहतो. ब्रिटनमध्ये १,६२३ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, २०१० साली, असे आढळले की शस्त्रक्रियेआधी एम. आर. आय. केला अथवा न केला, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण दोन्हीकडे शेकडा १९ च राहिले. काही विशिष्ट प्रसंगी तो अगत्याचा असतो: काखेत रोग आहे पण स्तनात गाठ दिसत नाही, किंवा घराण्यात हा रोग जनुकांतून चालत आलेला आहे. सरसकट मात्र नव्हे.

इतक्या चित्रांनी साधते काय, असे कोणी विचारील. रोग स्तन व काख यांतच आहे पण बराच वाढलेला आहे असे दिसले तर पुष्कळदा आधी केमोथेरपी देतात. गाठ आकसते, आणि जिचा स्तन काढावा लागला असता तिचा राखता येतो. अशा वेळी औषध सुरू करण्यापूर्वी गाठीत तांदळाच्या कण्याएवढी धातूची खूण सोडून ठेवतात, कारण कधी कधी गाठ पार विरून जाते आणि कोठे कापावयाचे हेच शल्यचिकित्सकास समजेनासे होते. अशी अडचण आपल्यावर यावी, अशी प्रार्थना करणारे शल्यचिकित्सक आम्ही पाहिले आहेत.

आणि रोग दूर गेलाच असेल तर? या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुंबईने जगाला दिले, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांवर चाचणी झाली. सर्वांचा रोग आरंभीच दूर पसरलेला. औषधांना दाद दिलेल्या या स्त्रियांपैकी एका गटाचा स्तन व काख यांवर शस्त्रक्रियादी उपचार केले, दुसऱ्या गटावर केले नाहीत. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण एकीकडे शेकडा ४१.९, दुसरीकडे ४३. म्हणजे शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नाही. तुर्कस्तानातील एका चाचणीचा सूर काहीसा वेगळा होता. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील निष्कर्ष मुंबईच्याच बाजूचा आला. गाठ फुटून वाहू लागली तर शस्त्रक्रिया करावी लागते, ती गोष्ट निराळी. परंतु अशा रोगिणीची मुख्य भिस्त औषधांवर असते, आणि आजच्या औषधांवर वर्षानुवर्षे संसार सांभाळणाऱ्या स्त्रिया आपल्याच मंडळात आहेत. हा निबंध आम्ही प्रथम वाचला तेव्हा एकोणतीस वर्षांपूर्वीची ती ओली प्लेट डोळ्यांपुढे आली. आत्यांना वाचवता आले असते असे आम्ही म्हणत नाही. ते दोन महिने मात्र त्यांना मिळाले असते.

या सर्व तपासण्यांना दहा-पंधरा दिवस लागतात, कधी तीन आठवडे. तेवढ्यात घरातील वडीलधारे अस्वस्थ होतात: ‘गाठ वाढते आहे आणि हे नुसते फोटो काढताहेत.’ हाताला लागण्याइतकी झालेली गाठ बहुधा काही वर्षे आत वाढत असते. पंधरा दिवसांनी तिच्यात फार फरक पडत नाही. घात होतो तो त्याआधीच्या महिन्यांत, जेव्हा ती पदराखाली झाकून ठेवली जाते. आणि का झाकली जाते हे आपण सर्व जाणतो. मुलीचे लग्न मोडेल! येथे वधूवर मेळाव्याचे चालक बसले आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. या रोगाच्या शंभर स्त्रियांत जनुकांतून वारसा आलेल्या पाच ते दहा. आणि तो वारसा आहे की नाही हे आज रक्ताच्या तपासणीने कळते. जिच्या आईने वेळेवर दाखवले त्या मुलीला आपण दूर सारणार, आणि जिच्या आईने लपवले तिला सून करून आणणार, हा न्याय आम्हांस तरी समजलेला नाही.

निधीविषयी कार्यकारी मंडळापुढे आमची एक सूचना आहे, ती येथे मांडून ठेवतो. आजवर आपण शस्त्रक्रियेच्या बिलावर साहाय्य देतो. त्यामुळे ज्याला पैशाची नड आहे तो आधी शस्त्रक्रिया उरकतो, आणि मग तपासण्यांकडे वळतो. यापुढे पहिला हप्ता तपासण्यांसाठी द्यावा. अर्जासोबत मॅमोग्राफी, काखेच्या उल्लेखासह सोनोग्राफी आणि तुकड्याचा अहवाल मागावा. मुंबईस येणाऱ्यांच्या उतरण्याची अडचण असते. दादरची गाडगेमहाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहे, पण तेथे जागा मिळतेच असे नाही. परळच्या आसपास राहणाऱ्या ज्ञातिबांधवांपैकी एक खोली पंधरा दिवस देऊ शकतील अशांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत.

शेवटी एक साधी गोष्ट. छायाचित्रांची पाकिटे जपून ठेवा. घर आवरताना ‘बरी झाली, आता कशाला’ म्हणून ती रद्दीत जातात, आणि पाच वर्षांनी नव्या चित्रातील एखादा डाग जुनाच आहे की आजचा, हे सांगावयास आमच्याकडे काही उरत नाही. चहानंतर आम्ही मागील बाजूच्या खोलीत बसणार आहोत. ज्या भगिनींनी पाकिटे बरोबर आणली असतील त्यांनी खुशाल यावे. जुने आधी, नवे नंतर, असे लावून आणावे. नाव मोठ्याने पुकारले जाणार नाही.